सतरा नंबरवालीचे सोळा गुण

शालनबाई मखरेंच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि शाळेत दुसऱ्या कुणालाच नको असलेलं एक काम तेवढं त्यांच्या हातात उरलं होतं. सतरा नंबरची पोरं.

जी मुलं शाळेत येत नाहीत, घरीच अभ्यास करून दहावीला बसतात, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यांना एक शाळा नेमून दिलेली असते. शाळेनं त्यांना शिकवायचं नसतं. मधे एकदा वह्या बघायच्या, फेब्रुवारीत तोंडी घ्यायची आणि वीसपैकी गुण द्यायचे. दहा तोंडीचे, दहा वहीचे. उरलेले ऐंशी मोठ्या पेपरचे. अंथुर्ण्याच्या बाजूला, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या शाळेत अशी दहा-बारा जणं दरसाल यायची. कुणी गवंडीकाम करणारा, कुणी लग्न होऊन मूल कडेवर असलेली, कुणी गुडघ्यापासून पाय नसलेला. शालनबाई त्यांना एकेक करून समोर बसवायच्या, ऐकायच्या आणि खरे गुण द्यायच्या.

खरे गुण देण्याची खोड जुनी होती. तोंडीचे गुण सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी त्यांनी वर्गातल्या बावीस पोरांना वीसपैकी बारा दिले होते, तेव्हा बाप लोक मोटारसायकली घेऊन शाळेत आले. "दुसऱ्या शाळंत पोरगं तोंड उघडत न्हाय आन अठरा घेऊन येतंय. आमच्यानं तोंड उघडलं तर बारा व्हय?" तेव्हापासून त्यांचं नाव 'बारावाल्या बाई' पडलं. पाच मुख्याध्यापक आले नि गेले. शेवटून दुसऱ्यानं गोड बोलून वर्गाचे तोंडी गुण त्यांच्याकडून काढून घेतले आणि ऑफिसात भरायला लावले. सगळ्यांना अठरा, हुशारांना वीस. शालनबाई भांडल्या नाहीत. भांडायचं वय सरलं होतं. सतरा नंबरची पोरं मात्र कुणी मागितली नाहीत, ती त्यांच्याकडंच राहिली.

त्यांचं माहेर सुप्याकडचं, जिराईत रानाचं. वडील रोजगारावर जायचे. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन पोरीच्या दप्तरात हात घालायचे आणि पुस्तकं मोजायचे. वाचता येत नव्हतं, म्हणून मोजायचे. सहा भरली की म्हणायचे, "हायेत." तेवढ्यावर ती पोर बी.ए., बी.एड. झाली, एस.टी.तल्या मेकॅनिकशी लग्न करून इंदापुरात आली आणि एकतीस वर्षं सकाळच्या गाडीनं अंथुर्ण्याला जात राहिली. आता गुडघे गाडीच्या पहिल्या पायरीलाच बोलायचे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. त्या म्हणाल्या, मे संपू दे.

तोंडी गुरुवारी होती. नऊ जण आले होते. ग्रंथालयाच्या खोलीत, कपाटांच्या मधे टेबल टाकून शालनबाई बसल्या. पहिलाच शंभूराज नावाचा बत्तीस वर्षांचा गडी होता. सोसायटीत शिपायाची जागा निघणार होती, तिला दहावी लागत होती. त्यानं वही पुढं सरकवली. बाईंनी चार पानं उलटली.

"शंभूराज, यात तीन अक्षरं आहेत."

"तीन कशी बाई? मराठीत बावन्न असत्यात."

"तीन माणसांची अक्षरं."

शंभूराजनं मान खाजवली. "मूड बदलतो बाई माणसाचा. सकाळी येगळा, संध्याकाळी येगळा."

"आणि मूड बदलला की वेलांटीही बायकांसारखी गोल होते?"

"ते बायकोनं लिवलंय तेवढं." तो लाजला. "मधलं मेव्हण्यानं. पयली दोन पानं माजी हायेत बगा, खाडाखोडीची."

बाईंनी खाडाखोडीची दोन पानं नीट वाचली. मग त्याला गावच्या बाजाराबद्दल बोलायला लावलं, तर तो असा सुटला की थांबवावा लागला. सात आणि दोन, नऊ. शंभूराज म्हणाला, "नऊ तर नऊ. निदान माजे तरी हायेत," आणि नमस्कार करून गेला.

सातवी आली ती सुप्रिया बनसुडे. धरणाकाठच्या पळसदेवची. सोळा वर्षांची, उंच, वेणी घट्ट. ऑक्टोबरात ती एकदा येऊन गेली होती एवढंच बाईंना आठवत होतं. टेबलावर नवं पाठ्यपुस्तक होतं. त्यांनी कुठलंतरी पान काढून दिलं. "वाच."

पोरगी वाचायला लागली.

शालनबाईंनी आयुष्यात हजारांनी पोरं वाचताना ऐकली होती. पोरं भिंतीला ऐकू जावं असं वाचतात, नाहीतर स्वतःलाही ऐकू येऊ नये असं. ही तसं वाचत नव्हती. आवाज हातभर अंतरावरच्या एकाच माणसासाठी होता. त्या माणसाला घाई नव्हती आणि तो दुखण्यात होता, असं काहीतरी त्या आवाजात होतं. स्वल्पविरामाला ती श्वास घ्यायची आणि डोळा उचलून बघायची, समोरचा जागा आहे ना. बाईंनी पेन खाली ठेवलं. पान संपलं तरी थांब म्हणाल्या नाहीत. पोरीनं आपणहून दुसरं पान वाचलं.

"कुणाला वाचून दाखवतेस?"

"मम्मीला. तिचं डायलिसिस असतंय बारामतीला. मंगळवारी आन शुक्रवारी. चार तास झोपून ऱ्हावं लागतं. मी बाजूला बसती. सातवीनंतर शाळा सोडली ती त्यासाठीच."

"आणि अभ्यास?"

"तितंच. मम्मी शिकवती, पडल्या पडल्या."

"बरं. पुस्तकातला कुठला पाठ तुला आवडला? त्याबद्दल बोल."

सुप्रिया लगेच म्हणाली, "कुंभाराचा. म्हातारा शेवटचं मडकं भाजतो तो."

आणि ती बोलू लागली. म्हाताऱ्याचे हात, आव्याचा धूर, सुनेनं घरात आणलेला प्लॅस्टिकचा माठ. शालनबाईंना बरं वाटलं. किती दिवसांनी भेटला हा म्हातारा. त्यांनी स्वतः तो वर्गात शिकवला होता, तेव्हा गुडघे धड होते आणि पोरं रडायची. शेवटचं वाक्य पोरीबरोबर त्यांच्याही ओठांवर आलं. आणि तिथंच त्या थांबल्या.

हा पाठ पुस्तकात नव्हता. पुस्तक बदललं, त्याला कितीतरी वर्षं झाली. एकदा नाही, दोनदा बदललं.

"आणखी कुठले पाठ केलेस?"

पोरीनं नावं घेतली. एकही आताच्या पुस्तकातला नव्हता. कविताही नव्हत्या. बाईंनी वही ओढून घेतली. जाड, दोनशे पानी, तपकिरी कव्हर घातलेली. पहिल्या पानापासून चौसष्टाव्या पानापर्यंत जुन्या पुस्तकातल्या प्रश्नांची सुंदर, स्वच्छ उत्तरं. आणि प्रत्येक पानाच्या खाली उजवीकडं, लाल शाईत: शा. म. तारीख ऑक्टोबरची.

सही त्यांचीच होती.

वह्या तपासण्याची शाळेत एक रीत असते. ढीग असला की एका पोरानं बाईंच्या बाजूला उभं राहायचं, अंगठ्यानं भराभर पानं उलटायची, बाईंनी नुसता हात चालवायचा. ऑक्टोबरात विधानसभेच्या निवडणुकीचं प्रशिक्षण चालू होतं. दिवसभर तालुक्याला यंत्राची बटणं शिकायची आणि मधल्या वेळात शाळेत येऊन वह्या उरकायच्या. सुप्रियानंच आपली पानं उलटली असणार. चौसष्ट पानांना पाच मिनिटं लागली असतील. फार तर सहा.

"बाहेर बस थोडा वेळ," शालनबाई म्हणाल्या.

उरलेल्या दोघांची तोंडी त्यांनी कशीतरी घेतली आणि वही, पुस्तक घेऊन ऑफिसात गेल्या. क्लार्क दिग्विजय संगणकापुढं बसून वर्गाचे गुण भरत होता. अठरा, अठरा, एकोणीस, अठरा. त्यानं वही बघितली, हकिकत ऐकली आणि हसला.

"मॅडम, एवढंच व्हय? वहीवर तुमची सही हाय, म्हणजे वही तपासून झाली. कोण उघडून बघतंय आत काय लिवलंय ते? हिलाबी अठरा टाकू. तुमचंबी झाकलं, तिचंबी भलं झालं."

शालनबाई स्टुलावर बसल्या. बसल्यावर उठावंसं वाटेना. दिग्विजय म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. कुणाला कळणार नव्हतं. पोरगी अठरा घेऊन हसत घरी जाईल, आई खूष होईल. चार महिन्यांनी आपण नारळ-शाल घेऊन घरी. पण पंधरा दिवसांनी, मराठीच्या पेपराला, ती पोर घाम पुसून पेपर उघडेल आणि त्यात तिच्या ओळखीचं एक माणूस नसेल. कुंभार नसेल, कुणीच नसेल. तेव्हा ती काय समजेल? आपण शिकलोच नाही असं समजेल. नाहीतर आईनं फसवलं असं.

"चहा मागवू का मॅडम?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि टेबलाला धरून उठल्या.

शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली भाजीची पिकअप उभी होती. मागं रिकामी क्रेटं. पुढच्या सीटवर सुप्रियाची आई अनिता बसली होती. ऐन दुपारचं ऊन, तरी अंगात स्वेटर, डाव्या हाताला कोपराजवळ पट्टी. वय चौतीस असेल, दिसत होतं पन्नास. बाप लखन टायरला टेकून उभा होता, बाई दिसल्यावर त्यानं टोपी काढली. सुप्रिया दाराशी.

"झाली का बाई तोंडी?" अनितानं विचारलं.

"झाली. फार छान वाचते."

"वाचणारच. तीन वरसं माजं रगात मशिनीत फिरतंय आन ही वाचतीय. दवाखान्यातल्या सिस्टरबी ऐकत बसत्यात."

"अनिता, मराठी तू कुठल्या पुस्तकातून शिकवलंस?"

"माज्या. दहावीचं माजं सगळं जपून ठेवलेलं हाय. दोन हजार सातला पास झाली मी. फस्ट क्लास. बासष्ट टक्के." ती जरा ताठ झाली. "गणित, विज्ञान, इंग्लिश, समाजशास्त्र समदं नवं घेतलं बारामतीत. ते बदलतंय म्हणत्यात. मराठी म्हणलं काय बदलणार? आपलीच तर भाषा हाय. वर माज्या पुस्तकात माज्या बाईंनी सांगितलेलं समदं पेन्सिलीनं लिवलेलं."

"पुस्तक बदललं गं. दोनदा बदललं. तू शिकवलेला एकही पाठ आता नाही."

लखननं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. सुप्रिया आईकडं बघू लागली. अनिता समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिली. उसाचा एक ट्रॅक्टर गेला.

"मग आक्टोबरात तुमी वही बघितली ती?" ती शेवटी म्हणाली. "सई हाय तुमची. पानापानावर हाय. मी घरी जाऊन मोजल्या, चौसष्ट. माज्या आईला दावल्या. म्हणलं बघ, येक सई चुकली न्हाय बाईंची." ती वळली. "काय बघितलं बाई तुमी?"

शालनबाईंना त्या वेळी दहा उत्तरं सुचली. निवडणूक होती. डोळ्याला नीट दिसत नाही. त्या दिवशी वर्गाच्या धरून सत्तर वह्या होत्या. सगळीच खरी होती.

"काही बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "नुसत्या सह्या केल्या."

"माजं चुकलं ते न कळून चुकलं. मला सांगणार कोण? तुमी सांगाल म्हणून तर वही पाठवली."

"अगं, बाई हायेत त्या," लखन म्हणाला. "दमानं घे."

"मी काय शिव्या देतीय व्हय? इचारतीय."

"विचारू दे तिला," शालनबाई म्हणाल्या. उभं राहून गुडघे भरून आले होते. त्यांनी पिकअपच्या दाराला हात टेकला. "ऐक. पेपराला पंधरा दिवस आहेत. पाठावरचे प्रश्न येतात, पण उतारा पेपरातच छापलेला असतो. तुझी पोरगी वाचणारी आहे, ती समोर बघून लिहील. निबंध, पत्र, व्याकरण, तेही जुन्या पुस्तकानं वाया गेलेलं नाही. कवितांचं अवघड आहे. त्या आधी माहीत पाहिजेत. हे माझं पुस्तक घ्या. आणि वहीसाठी नव्या पुस्तकातले दहा स्वाध्याय लिहून आण गं तू. दहा दिवसांनी रविवार आहे, त्या दिवशी इंदापूरला माझ्या घरी वही पोचली पाहिजे. सोमवारी गुण भरायचे आहेत."

"आन न्हाय जमलं तर?" सुप्रियानं विचारलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली.

"जेवढं असेल तेवढ्याचे गुण देईन. अठरा देणार नाही."

"अठरा कोण मागतंय?" अनिता म्हणाली.

"बाकीच्यांस्नी देत्यात म्हणं," लखन हळूच म्हणाला.

"तुमी गाडी चालू करा," अनिता म्हणाली. पुस्तक तिनं मांडीवर घेतलं होतं आणि पहिलं पान उलटलं होतं.

रविवारी सकाळी साडेनऊला लखन इंदापुरात दारात उभा राहिला. एका हातात वही, दुसऱ्या हातात पिशवी.

"पिशवीत काय आहे?"

"कारली."

"परत ने."

"कारली हायेत बाई. लाच द्यायची असती तर डाळिंबं आणली असती."

आत खुर्चीत पेपर वाचत बसलेले साहेबराव, बाईंचे यजमान, मोठ्यानं हसले. पण पिशवी परतच गेली. लखनला भिगवणला माल द्यायचा होता, तो थांबला नाही.

शालनबाईंनी अंगणात उजेडाकडं पाठ करून खुर्ची टाकली आणि वही उघडली. त्यांनी ठरवलं होतं, एक शब्द सोडायचा नाही. शब्द सोडायचा नाही म्हणजे काय असतं ते त्या विसरल्याच होत्या. दुसऱ्या स्वाध्यायालाच डोळ्यातून पाणी यायला लागलं. त्या डोळा मिटायच्या, पदरानं पुसायच्या, परत त्याच ओळीवर यायच्या. काही पानांवर अक्षर सरळ होतं, काही पानांवर तिरपं, खाली घसरलेलं. ती दवाखान्यात गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेली. साहेबरावांनी दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा गार झाला.

पहिले सहा स्वाध्याय मन लावून लिहिले होते. सातवा घाईत. एका कवितेचं रसग्रहण उघडउघड गाइडमधलं होतं. तीच वाक्यं शालनबाईंनी चारशे वह्यांत तरी वाचली होती. नववा निम्मा. दहावा नुसता मथळा आणि दोन ओळी. पण आठव्या स्वाध्यायात, तळ्यावरच्या कवितेविषयी, प्रश्न होता की ही कविता तुला का आवडली. पोरीनं लिहिलं होतं: 'मला ही कविता आवडली नाही. हिच्यात पाणी सुंदर आहे एवढंच सांगितलं आहे. आमच्या गावात पाणी जुन्या गावाच्या अंगावर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं आणि माझे आजोबा चिखलात उभे राहून आमचं घर कुठं होतं ते दाखवतात. दर वर्षी वेगळ्या ठिकाणी दाखवतात.'

शालनबाईंनी ते तीनदा वाचलं. त्याला पूर्ण गुण. बाजूला काहीतरी लिहावं असं वाटलं, शब्द सुचला नाही.

दीड वाजला. वही मिटली. तोंडीचे दहापैकी नऊ त्या दिवशीच मनात ठरले होते. वहीचे? हात आठकडं जात होता. अर्धा नववा, नसलेला दहावा, उचललेलं रसग्रहण. बाईंनी पुन्हा मागं जाऊन सातवा वाचला. तिथंही अर्धं उत्तर होतं. आठ होत नव्हते. एखाद्या दुसऱ्या पोराच्या वहीला झाले असते का? नसते झाले. त्यांनी सात लिहिले. कुठं काय कमी पडलं ते प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात लिहिलं. या वेळी सही शेवटच्या पानावर एकदाच केली.

"किती दिले?" साहेबरावांनी विचारलं.

"सोळा."

"म्हणजे चूक तुझी आन कापले तिचे."

शालनबाईंनी वही पिशवीत ठेवली. डोळ्यावर ओला रुमाल ठेवून आडव्या झाल्या.

सोमवारी दिग्विजयनं आकडा भरताना मान वळवली. "मॅडम, वर्गात बाकावर झोपणाऱ्याला अठरा आन खरं लिहून आणणारीला सोळा? काय न्याय म्हणायचा हा?"

"वर्गाचे तू भरतोस. हिचे मी."

"तुमी एकदा भरा की वर्गाचे."

"चार वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर भरलेही असते," बाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांना ठाऊक होतं, तेव्हाही भरले नसते. दमल्या होत्या.

पेपर झाले. उन्हाळा चढला. पळसदेवकडं पाणी उतरत गेलं, कालव्याचं आवर्तन लांबलं, शाळा ओस पडली. शालनबाई रोज येत आणि कपाटातल्या फायली नव्या बाईंच्या नावावर करून देत. एकतीस वर्षांची दहा कपाटं. प्रत्येक कागद हातात घेतला की कुठलंतरी पोरगं आठवायचं आणि त्याचं पुढं काय झालं ते आठवायचं नाही.

मे महिन्यात निकाल लागला. दिग्विजयनं सतरा नंबरवाल्यांची नावं एकेक करून संगणकावर टाकली. शंभूराज पास झाला होता, छत्तीस टक्के. दिग्विजय टाळी वाजवून म्हणाला, "शिपाई झाला गडी!" मग सुप्रियाचं नाव टाकलं. मराठी सदुसष्ट. एक्कावन्न पेपराचे आणि सोळा इथले. बाईंनी श्वास सोडला. एक्कावन्न म्हणजे पोरीनं पेपर उभा केला होता.

दिग्विजय बोटं मोडत हिशेब करत होता.  नंतर पुन्हा मोजलं.

"पाचशेपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "एकोणसाठ पूर्णांक साठ."

शालनबाईंना पुढचं सांगायला नको होतं. साठ टक्क्यांना तीनशे लागतात. तीनशेला पहिला वर्ग.

"फकस्त दोन मॅडम," दिग्विजय हळू आवाजात म्हणाला. "अठरा टाकले असते तर..."

"कळतंय मला."

त्या शिक्षकखोलीत जाऊन बसल्या. पंखा बंद होता, त्यांनी लावला नाही. मनात वही उघडली. सातवा स्वाध्याय, घाईतला. त्या अर्ध्या उत्तराला एक गुण जास्त देता आला असता का? रसग्रहण गाइडमधलं होतं, पण निवडून तर तिनंच लिहिलं होतं. नववा निम्मा होता, पण तो दवाखान्यातला होता, अक्षर घसरलेलं. ज्या दिवशी तो लिहिला त्या दिवशी आईला त्रास झाला असेल. हे सगळं धरलं असतं तर अठरा झाले असते. धरायला हवं होतं का? ऑक्टोबरात सहा मिनिटांऐवजी तास दिला असता, तर दहा नाही, वीस स्वाध्याय झाले असते आणि ही वेळच आली नसती. कितीही फिरवलं तरी गोष्ट तिथंच येऊन उभी राहत होती. सोळा बरोबर होते. आणि सोळांत त्यांचा वाटा होता.

फोन करावा असं वाटलं. नको वाटलं. तेवढ्यात फोनच वाजला.

"बाई, अनिता बोलतीय." मागं यंत्राचा एकसारखा आवाज येत होता, मधेच टीं टीं व्हायचं. शुक्रवार होता. "छकुली पास झाली."

"बघितलं आत्ताच. मराठीला चांगले पडले."

"व्हय. एकोणसाठ टक्के झाले टोटल. दोननं फस्ट क्लास गेला."

"हो."

"हितला टेक्निशियन म्हणतोय, तोंडीचे समदीकडं अठरा-एकोणीस देत्यात. सोळा कुणालाच नसत्यात म्हणं."

"बरोबर सांगतोय तो. मी दोन वाढवले असते तर तिचा पहिला वर्ग झाला असता." शालनबाईंनी ते सरळ सांगितलं. 

पलीकडं कुणीतरी कुणाला पाणी मागत होतं. सुप्रियाचा आवाज आला, "मम्मी, हात हालवू नको." मग अनिता म्हणाली, "बाई, येक इचारू का? दुसरी वही वाचली तुमी?"

"वाचली."

"समदी?"

"सगळी. चार तास लागले."

"आजोबा चिखलात घर दावतात ते?"

"ते तीनदा वाचलं."

अनिता हसली की तिला धाप लागली, फोनवर कळलं नाही. "मग ऱ्हाऊ द्या सोळा," ती म्हणाली. "माजा बासष्टचा कागदाचा तुकडा पेटीत पडलाय, तेनं काय झालं? हिला अकरावीला घालतीय भिगवणला. पुस्तकं कुठली घ्यायची ते तेवढं यादी करून द्या. ह्या बारीला तुमाला इचारूनच घेनार."

"देते."

"आन सावकास द्या. वाचून द्या." टीं टीं सुरू झालं. "सिस्टर वरडतीय, ठेवते."

शालनबाईंनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला. अकरावीची मराठीची यादी त्यांना पाठ होती, पण त्या उठल्या, भिंतीला धरत ग्रंथालयात गेल्या आणि या वर्षीचं अकरावीचं पुस्तक कपाटातून काढून उजेडात नेलं. इंदापूरची अडीचची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली. पुढची सव्वाचारला होती.